न झालेल्या चाचण्यांचा अर्थ

एका संगणकाच्या डिस्कवर साठवलेली फाईल दुसऱ्या संगणकावर काम करणाऱ्या माणसाला, जणू ती आपल्याच यंत्रात आहे अशा सहजतेने उघडता यावी, ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागील गुंतागुंतीचा विचार सहसा कोणी करीत नाही. कार्यालयातील पंचवीस टेबलांवरचे संगणक एकाच खोलीतील एका मोठ्या यंत्रावरची कागदपत्रे वाचतात व त्यांत भर घालतात. विद्यापीठातील विद्यार्थी कोणत्याही यंत्रासमोर बसला तरी त्याला स्वतःच्याच फाईली समोर दिसतात. फाईली जेथे प्रत्यक्ष राहतात त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात आणि जे यंत्र त्या मागवून घेते त्याला क्लायंट. या दोहोंमध्ये जाळ्यावरून जे संभाषण चालते त्याचे नियम आधी ठरलेले असतात, व अशा नियमसंचाला प्रोटोकॉल ही संज्ञा आहे.

युनिक्स आणि लिनक्स यांच्या जगात या व्यवस्थांपैकी सर्वांत परिचित म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टिम, अर्थात एनएफएस. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ साली विकसित केली. तिच्या प्रोटोकॉलची तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, चौथी २००० मध्ये. त्या चौथीच्याच ४.१ व ४.२ या पोटआवृत्त्या अनुक्रमे २०१० व २०१६ मध्ये आल्या. प्रत्येक आवृत्तीमागे आश्वासन एकच होते : फाईल जवळ आहे की दूर, हे प्रोग्रॅमला कळण्याचे कारण पडू नये.

हे आश्वासन पूर्णपणे पाळणे मात्र कठीण आहे. यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवरील फाईल-व्यवस्था अनेक तऱ्हेची कामे करू शकते, पण प्रोटोकॉलमध्ये ज्या कामासाठी शब्दच नाही ते काम क्लायंटने सर्व्हरला सांगावयाचे कसे? फाईलच्या मधला एखादा तुकडा काढून टाकून पुढचा भाग मागच्याला जोडणे ही क्रिया लिनक्सवरील एक्सएफएस व ईएक्सटी४ या फाईल-व्यवस्थांना करता येते. एनएफएसच्या प्रोटोकॉलमध्ये तशी आज्ञाच नाही. अशा लहानमोठ्या तफावतींचा हिशेब ठेवण्यासाठी चाचण्यांचे संच तयार करण्यात आले. त्यांपैकी लिनक्समध्ये सर्वाधिक वापरला जाणारा संच एक्सएफएसटेस्ट्स या नावाने ओळखला जातो. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत एक्सएफएसची परीक्षा घेण्यासाठी त्याचा जन्म झाला; पुढे तो इतर फाईल-व्यवस्थांनाही लावण्यात येऊ लागला, आणि आता कोणत्याही फाईल-व्यवस्थेला विचारता येतील अशा सामान्य चाचण्यांचीच संख्या त्यात सातशेहून अधिक झाली आहे.

या संचाची कार्यपद्धती साधी आहे. प्रत्येक चाचणी काही फाईली निर्माण करते, त्यांवर काही क्रिया करते आणि जे घडले ते शब्दांत लिहून काढते. हा मजकूर आधीच तयार ठेवलेल्या अपेक्षित उत्तराशी ताडून पाहिला जातो. दोन्ही तंतोतंत जुळले तर चाचणी उत्तीर्ण, न जुळले तर अनुत्तीर्ण. पण याखेरीज तिसरीही एक शक्यता असते. चाचणी सुरू होण्यापूर्वी, तिला लागणारी परिस्थिती अस्तित्वात आहे की नाही याची पाहणी केली जाते, आणि ती नसल्यास चाचणी घेतलीच जात नाही. अहवालात तिच्यापुढे ‘नॉट रन’, म्हणजे ‘झाली नाही’, असा शेरा पडतो व शेजारी कारण एका ओळीत नमूद होते.

या तिसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष होण्यास अहवालाची रचनाही काही अंशी कारणीभूत आहे. एकच चाचणी चालवावयास घेतली आणि ती परिस्थितीअभावी झालीच नाही, तरी अहवालाच्या शेवटी पूर्वापार आढळणारा मजकूर असा असे : चालवलेल्या चाचण्यांच्या यादीत तिचे नाव, न झालेल्या चाचण्यांच्या यादीतही तेच नाव, आणि खाली ‘सर्व १ चाचणी उत्तीर्ण’ अशा अर्थाचे वाक्य. यात कोणाची लबाडी नाही. अनुत्तीर्ण काहीच नाही एवढेच त्या वाक्याला म्हणावयाचे असते. परंतु घाईत असलेला माणूस शेवटची ओळ वाचतो व कागद मिटतो. विजेच्या मीटरची नोंद घेणारा कर्मचारी घर बंद असल्यास ‘दार बंद’ असे लिहून जातो. त्या नोंदीवरून घरात वीज जळलीच नाही असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. संगणकाच्या अहवालाबाबत मात्र हा निष्कर्ष सर्रास काढला जातो, आणि त्याच्या आधारावर कार्यालयाची वर्षानुवर्षांची कागदपत्रे नव्या सर्व्हरवर हलवली जातात.

म्हणून न झालेल्या प्रत्येक चाचणीचे कारण पाहावे लागते. ही कारणे वरवर सारखी दिसली तरी जातीने भिन्न असतात.

सर्वांत निरुपद्रवी कारण म्हणजे परीक्षकाच्या स्वतःच्या यंत्रावरील उणीव. काही चाचण्यांना एक विशिष्ट नावाचा सामान्य वापरकर्ता त्या यंत्रावर असावा लागतो. काहींना फाईलचे जादा गुणधर्म लिहिणारे किंवा डिस्कवर मोठा भार टाकणारे एखादे साहाय्यक साधन हवे असते. ते बसवलेले नसेल तर चाचणी वगळली जाते, आणि त्यावरून सर्व्हरविषयी काहीही समजत नाही. याच जातीची पण अधिक महागात पडणारी चूक म्हणजे दुसरी जागा न देणे. या संचाला दोन जागा लागतात : एक कायम राहणारी, आणि दुसरी वारंवार रिकामी करता येईल अशी कच्ची. ही दुसरी जागा नेमून दिली नाही तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या चाचण्या एका झटक्यात गळतात, व त्यांची संख्या मोठी असते. यावर उपाय सोपा आहे. साधने बसवावीत, सर्व्हरवरील दोन निरनिराळ्या निर्देशिका नेमून द्याव्यात आणि संच पुन्हा चालवावा.

दुसरे कारण प्रोटोकॉलच्या स्वरूपातच असते. वर सांगितलेली, मधला तुकडा काढून फाईल जोडण्याची चाचणी एनएफएसवर होऊच शकत नाही. तिचे न होणे हे योग्यच उत्तर आहे. फाईल शेवटची केव्हा वाचली गेली या वेळेच्या नोंदीचेही तसेच. ही नोंद सर्व्हर आपल्या पद्धतीने ठेवतो, आणि क्लायंटने फाईल-व्यवस्था जोडताना त्याबाबत दिलेल्या सूचनांचा एनएफएसवर परिणाम होत नाही. त्यामुळे या विषयावरील चाचण्या वगळल्या जातात, व कारणाच्या ओळीत तसे स्पष्ट लिहिलेलेही असते. कधी कधी नव्या आवृत्तीपेक्षा जुन्या आवृत्तीवर अधिक चाचण्या झालेल्या दिसतात, आणि नवखा परीक्षक बुचकळ्यात पडतो. कोणाला कोणती फाईल पाहता यावी याची युनिक्सच्या पद्धतीची जी सविस्तर यादी असते, ती लिनक्सवर एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर एका जोडप्रोटोकॉलद्वारे वाहून नेली जाते. चौथ्या आवृत्तीने निराळ्या धाटणीची स्वतःची यादी आणली. परिणामी जुन्या पद्धतीच्या यादीवरील चाचण्या तिसऱ्या आवृत्तीवर होतात, आणि चौथीवर मात्र वगळल्या जातात. यात बिघाड काही नाही. तथापि ज्या संस्थेची सारी परवानगी-व्यवस्था त्या जुन्या यादीवर उभी आहे, तिच्या दृष्टीने ही एक ओळ संपूर्ण अहवालात सर्वांत महत्त्वाची ठरू शकते.

तिसरे कारण सर्व्हरच्या पोटात दडलेले असते, आणि तेथेच वाचनाची खरी कसोटी लागते. एनएफएस ४.२ मध्ये ज्या नव्या क्रियांची भर पडली त्या सर्व ऐच्छिक आहेत. जागा आधीच राखून ठेवणे, फाईलमधील जागा मोकळी करणे, रिकाम्या भागांचा शोध घेणे, मजकूर प्रत्यक्ष न हलवता फाईलची प्रतिकृती निर्माण करणे, यांपैकी एकही क्रिया न पुरवता सर्व्हर स्वतःला ४.२ म्हणवून घेऊ शकतो. यास्तव आवृत्तीच्या आकड्यावरून काही ठरत नाही. प्रत्येक क्रिया करून पाहावी लागते. प्रतिकृतीचेच उदाहरण घ्यावे. ही क्रिया जमण्यासाठी सर्व्हरच्या डिस्कवरील मूळ फाईल-व्यवस्थेलाही ती करता आली पाहिजे. बीटीआरएफएसला ती येते, एक्सएफएसला योग्य प्रकारे तयार केले असल्यास येते, ईएक्सटी४ला येत नाही. क्लायंट तोच, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा तोच, प्रोटोकॉलही तोच. सर्व्हरवर ईएक्सटी४ असेल तर प्रतिकृतीच्या चाचण्या वगळल्या जातील आणि एक्सएफएस ठेवताच त्याच चाचण्या चालू लागतील. अहवालातील कारण मात्र, ‘एनएफएस प्रकारच्या फाईल-व्यवस्थेला हे जमत नाही’, अशा अर्थाचे असते. ते शब्दशः घेणारा माणूस दोष एनएफएसच्या माथी मारील. दोष तर कोणाचाच नाही, आणि उणीव आहे ती दोन पायऱ्या खाली.

या पाहणीची रीत थोडी अधिक समजून घेतली पाहिजे. चाचणीसंच कर्नलला ‘तुला हे येते का?’ असे विचारीत नाही, कारण तसे विचारण्याची खात्रीची सोय बहुधा नसते. तो एक छोटी फाईल निर्माण करतो आणि ती क्रिया तिच्यावर करून पाहतो. नकार आला की चाचणी वगळतो. जागा राखण्यासारख्या क्रियांबाबत वगळण्याचे जे कारण छापले जाते त्यात ‘जुना कर्नल किंवा चुकीची फाईल-व्यवस्था’ असे शब्द असून त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह अत्यंत प्रामाणिक आहे. नकार का आला हे संचाला ठाऊक नसते. तो केवळ तर्क करतो. शिवाय ही पाहणी कायम राहणाऱ्या पहिल्या जागेवर होते, तर पुढची चाचणी पुष्कळदा दुसऱ्या, कच्च्या जागेवर चालते. सर्व्हरवरील या दोन जागांखाली दोन वेगळ्या फाईल-व्यवस्था असतील तर एका घराची चौकशी दुसऱ्याच घरी केल्यासारखे होते.

लिनक्सच्या एनएफएस क्लायंटची आणखी एक सवय येथे भर घालते. सर्व्हरने ४.२ मधील जागा राखण्याच्या आज्ञेला ‘हे मला जमत नाही’ असे उत्तर एकदा दिले की क्लायंट ते ध्यानात ठेवतो, व ती जोडणी नव्याने होईपर्यंत पुन्हा विचारीतच नाही. पुढच्या प्रत्येक मागणीला तो स्वतःच नकार देतो. जाळ्यावरील फेऱ्या वाचवण्यासाठी हे शहाणपणाचेच आहे. परंतु पहिला नकार कोणत्या परिस्थितीत आला याची नोंद त्यात उरत नाही.

यातूनच चौथे, धोकादायक कारण उद्भवते : बिघाडच वगळलेल्या चाचणीचे सोंग घेतो. समजा, गेल्या महिन्यापर्यंत एखाद्या सर्व्हरवर जागा राखण्याची क्रिया व्यवस्थित होत होती आणि तिच्यावरील वीस चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. सर्व्हरवरील प्रणाली बदलली, आणि नव्या प्रणालीतील दोषामुळे ती क्रिया आता नाकारली जाऊ लागली. क्रिया अर्धवट होऊन मजकूर बिघडला असता तर चाचण्या अनुत्तीर्ण झाल्या असत्या व तांबड्या अक्षरांनी लक्ष वेधले असते. येथे मात्र पाहणीतच नकार आला, वीसही चाचण्या शांतपणे वगळल्या गेल्या, अनुत्तीर्णांची संख्या शून्यच राहिली. अहवाल गेल्या महिन्याइतकाच निर्मळ दिसतो. फरक फक्त न झालेल्यांच्या यादीत आहे, आणि ती यादी कोणी वाचीत नाही.

दोषही लागत नाही. एखादी साधी मांडणी पुरते. एनएफएस जोडताना आवृत्ती सांगितली नाही तर क्लायंट सामान्यतः सर्वांत वरच्या आवृत्तीपासून आरंभ करतो, आणि सर्व्हरला ती मान्य नसल्यास एकेक पायरी खाली उतरत तिसऱ्या आवृत्तीपर्यंत येतो. जोडणी यशस्वी होते, फाईली दिसतात, कोणतीही तक्रार उमटत नाही. सर्व्हरवर चौथी आवृत्ती चुकून बंद राहिली असेल तर ४.२ ची परीक्षा घेत आहोत या समजुतीत तिसरीची परीक्षा घेतली जाते, आणि ४.२ च्या क्रियांवरील साऱ्या चाचण्या एकदम गळतात. प्रत्यक्षात कोणती आवृत्ती ठरली हे ‘एनएफएसस्टॅट’ या साधनाने काही क्षणांत पाहता येते. ही ओळ अहवालाच्या माथ्यावर लिहून ठेवण्याची शिस्त ज्यांनी लावून घेतली आहे त्यांचे कित्येक तास वाचतात.

म्हणून जाणते परीक्षक न झालेल्या चाचण्यांची संख्या पाहत नाहीत, नावे पाहतात. एका विशिष्ट मांडणीवर, म्हणजे अमुक कर्नल, अमुक आवृत्ती, सर्व्हरवर अमुक फाईल-व्यवस्था असताना, कोणत्या चाचण्या वगळल्या जाणे अपेक्षित आहे याची यादी कारणांसह एकदा तयार करून ठेवली जाते. पुढच्या प्रत्येक वेळी नवी यादी तिच्याशी ताडून पाहतात. जे नाव पूर्वी उत्तीर्णांत होते आणि आता वगळलेल्यांत आले, त्याला अनुत्तीर्णाइतकेच महत्त्व देऊन चौकशी केली जाते. ज्या क्रियांवाचून संस्थेचे काम अडेल, त्यांच्या चाचण्या वगळल्या जाण्याची मुभाच ठेवली जात नाही. त्या झाल्या नाहीत तर परीक्षा फसली असे धरले जाते. दोन याद्यांतला फरक काढणे हे संगणकासाठी क्षणाचे काम आहे. खरे श्रम पहिली यादी बनवताना पडतात, कारण तेव्हा प्रत्येक नावापुढे माणसाला स्वतः कारण लिहावे लागते, आणि ‘माहीत नाही’ असे जेथे लिहावे लागते तेथून तपासाला सुरुवात होते.

इतर चाचणीसंचांनी हा भेद निराळ्या रीतीने हाताळला आहे. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या संचात परिस्थिती अनुकूल नसल्याने न झालेली चाचणी आणि पूर्वतयारीतच मोडून पडलेली चाचणी यांसाठी दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. ही विभागणी अनुकरणीय म्हटली पाहिजे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीचा प्रोटोकॉल तपासणाऱ्या पायएनएफएस या संचात एक चाचणी दुसरीवर अवलंबून असू शकते, आणि आधीची फसली तर नंतरची गाळली जाते. तेथे गाळलेल्या चाचणीचे मूळ एखाद्या अनुत्तीर्ण चाचणीत सापडते, आणि ती दुरुस्त होताच मागची सारी रांग चालू लागते.

वगळलेली चाचणी पुढे होऊ लागली, तर तेही तपासून पाहावे लागते. विंडोजच्या जगातून आलेल्या एसएमबी प्रोटोकॉलवर लिनक्स क्लायंट जोडला असता प्रतीकात्मक दुव्यांच्या, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींच्या, चाचण्या पुष्कळदा वगळल्या जातात. जोडताना ‘एमएफसिमलिंक्स’ हा पर्याय दिला की त्या होऊ लागतात व उत्तीर्णही होतात. पण हा पर्याय खरा दुवा निर्माण करीत नाही. तो ठरावीक रचनेचा मजकूर असलेली एक साधी फाईल लिहितो आणि वाचताना तिला दुवा मानतो. त्याच सर्व्हरवर विंडोजमधून येणाऱ्या माणसाला तेथे दुवा दिसत नाही, न उघडणारी एक लहानशी फाईल दिसते.

काही चाचण्या स्वभावतःच सर्व्हरबाहेरून घेता येत नाहीत. वीज अचानक गेली तर लिहिलेला मजकूर टिकतो का, हे पाहण्यासाठी संच डिस्क आणि फाईल-व्यवस्था यांच्यामध्ये एक कृत्रिम थर बसवतो व मध्येच लेखन तोडतो. जाळ्यापलीकडच्या डिस्कवर क्लायंटला असा थर बसवता येत नाही, म्हणून एनएफएसवर या चाचण्या वगळल्या जातात. शेरा बरोबर आहे. प्रश्न मात्र शिल्लकच राहतो, नव्हे, येथे तो अधिक बिकट होतो : तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व्हरला मजकूर आधी स्मृतीत घेऊन नंतर, क्लायंटने सांगितल्यावर, डिस्कवर पक्का करण्याची मुभा आहे. मधल्या काळात सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर तो देत असलेली एक खूण बदलते, आणि ती बदललेली पाहून क्लायंटने तो मजकूर पुन्हा पाठवावयाचा असतो. ही देवाणघेवाण नीट होते की नाही हे पाहण्यासाठी सर्व्हरच प्रत्यक्ष बंद करून पाहावा लागतो. ज्यांच्या कागदपत्रांना मोल आहे अशा संस्थांनी ही परीक्षा वेगळी घेतली पाहिजे.

कुलुपांचेही असेच आहे. एकाच वेळी दोघांनी एका फाईलमध्ये लिहू नये म्हणून प्रोग्रॅम तिला कुलूप लावतात. २००५ साली आलेल्या लिनक्स २.६.१२ पूर्वी ‘एफलॉक’ या प्रकारचे कुलूप एनएफएसवर लावले तर ते त्याच यंत्रापुरते राही, दुसऱ्या क्लायंटला त्याचा पत्ता नसे. एकाच क्लायंटवरून घेतलेली चाचणी अशा परिस्थितीतही उत्तीर्ण झाली असती. आजही या संचातील बहुतांश चाचण्या एकाच क्लायंटवरून चालतात, आणि एनएफएसची मांडणी अशी आहे की एका क्लायंटने फाईल लिहून बंद केल्यावर जो दुसरा क्लायंट ती नव्याने उघडील त्याला बदल दिसण्याची हमी मिळते. फाईल आधीपासून उघडून बसलेल्याला तशी हमी नसते, कारण फाईलची माहिती क्लायंट नेहमीच्या मांडणीत ३ ते ६० सेकंद आपल्याजवळच धरून ठेवतो. एसक्यूलाइट या लोकप्रिय माहितीकोशाच्या एका लेखनपद्धतीत सर्व प्रोग्रॅम एकाच यंत्रावर असणे आवश्यक आहे, कारण ते यंत्राच्या सामाईक स्मृतीतून एकमेकांशी बोलतात. दोन क्लायंटवरून असा कोश उघडणे त्याच्या निर्मात्यांनीच वर्ज्य मानले आहे. या गोष्टी एका क्लायंटवरून घेतलेल्या परीक्षेच्या अहवालात उत्तीर्ण, अनुत्तीर्ण किंवा वगळलेली, यांपैकी कोणत्याच यादीत सापडत नाहीत. त्यांसाठी दोन यंत्रे समोरासमोर ठेवून, एकावर लिहीत व दुसऱ्यावर वाचीत, निराळी तपासणी करावी लागते, आणि तिचा निकाल न झालेल्या चाचण्यांच्या यादीशेजारी हातानेच नोंदवावा लागतो.